हळद, दूध आणि पोपटाचा जीव

जखमी पक्ष्यावर घरच्या घरी उपचार करणं म्हणजे दया, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. मला हे अजिबात मान्य नाही. बहुतेक वेळा ती दया नसतेच, अज्ञान असतं. आणि पक्षी पोपट असेल तर भीती असते.

आधी अज्ञानाचं बघू. आमच्या बीडात काय किंवा अंबाजोगाईत काय, कार्यक्रम ठरलेला. चोच उघडून पाणी ओतायचं, जखमेत हळद भरायची, पुढ्यात दूध-पोळी ठेवायची आणि पोराटोरांनी भोवती कोंडाळं करायचं. आता बघा, पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. वरून ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. दुधातली साखर त्याला पचत नाही. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो, त्यामुळे प्रेमाने मुठीत आवळला की गुदमरतो. मोडलेलं पंखाचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळून येतं, पण वाकडं जुळलं की उडणं कायमचं संपलं. मांजराच्या दाताची जखम टिकलीएवढी दिसते, पण जंतू आत गेलेले असतात. तिथे अँटिबायोटिक लागतं, हळद नाही.

घरातल्या गोळ्यांचं तर विचारूच नका. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमच्या धंद्यात मॅन्युअल न वाचता चालू सर्व्हरवर कमांड मारणाऱ्याला कोणी दयाळू म्हणत नाही :-) इथे मात्र म्हणतात!

आता भीती. पिंजऱ्यातला मिठ्ठू १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळणं गुन्हा आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीने तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. लव्हबर्ड किंवा बजरिगर आजारी पडला तर माणूस उघडपणे डॉक्टरकडे नेतो. मिठ्ठूला मांजराने धरलं तर नेत नाही, कारण 'कुठून आणला?' हा प्रश्न येईल. मग हळद. म्हणजे ज्याला 'घरातलाच एक' म्हणायचं, त्यालाच दवाखाना बंद. हे कसलं प्रेम?

यावर लोक म्हणतील, 'अहो, तालुक्याच्या दवाखान्यात म्हैस आणि शेळी सोडून कोणाला काय कळतं?' तक्रार खरी आहे. शंभर टक्के खरी. पण मग ती तक्रार करा ना! पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४पासून मोरांसाठी अभयारण्य आहे. अशा जिल्ह्यात पक्ष्यांवर उपचार करू शकणारा माणूस सरकारी दवाखान्यात हवा, ही मागणी काही चैनीची नाही. दवाखाना नाही म्हणून स्वयंपाकघराचा दवाखाना करणं हे उत्तर नव्हे.

आणि अगदीच काही नाही असंही नाही. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं 'सर्पराज्ञी' केंद्र आहे, तिथे जखमी वन्यजीवांना सांभाळतात. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. जखमी वन्यपक्षी हाती लागला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं, असं कायदाच सांगतो. कळवणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. घाबरावं दडवणाऱ्याने.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं, पण थोडंच. पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं पाडा, आत सुती फडकं घाला. पक्षी फडक्याने अलगद उचलून आत ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलकेच दाबा. अंधार, ऊब, शांतता. खाणं नाही, पाणी ओतणं नाही, फोटो काढणं नाही. आणि फोन. बस्स, तुमचं काम संपलं.

हे करण्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते कोणाला आवडत नाही. पक्षी वाचवल्याचं समाधान आपल्याला हवं असतं. पक्ष्याला मात्र नुसतं वाचायचं असतं.