एका बैठकीत पंधरा हजार सह्या

टिळकांवर लिहिणाऱ्याला पोलिसांचे थोडे आभार मानावेच लागतात. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरला त्यांनी केलेली स्वराज्याची भाषणं पोलिसांनी शब्दन् शब्द टिपून घेतली. त्यावरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला आणि तो हुकूम उच्च न्यायालयात टिकला नाही. मुंबई सरकारने पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं छापली, तीही सरकारी दप्तरातूनच.

साहेब गेला, दप्तर चालूच राहिलं. नेताजींच्या कोलकात्यातल्या कुटुंबीयांवर १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं पाळत होती. पत्रं फोडायची, नकला करायच्या, घरातली माणसं कुठे जातात ते लिहून ठेवायचं. या काळात तीन पंतप्रधान झाले. हे सगळं लोकांना कळलं २०१५ मध्ये.

फोन ऐकायचा अधिकार मुळात १८८५ च्या तार कायद्यातला. फोन ऐकण्यापायी, पाळतीपायी आपल्याकडे खुर्च्या गेल्या, कलम मात्र गेलं नाही. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवताना हरियाणाचे दोन पोलीस सापडले आणि त्या वादात चंद्रशेखर यांचं सरकार पडलं. विरोधात असताना ओरडायचं आणि सत्तेत आल्यावर तेच कलम वापरायचं, याला एकही मोठा पक्ष अपवाद नाही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. गृहसचिवाची सही हवी, आदेशाची मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा. वर सचिवांचीच आढावा समिती. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातंय.

ही समिती काय करू शकते, ते न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात वाचावं. माहिती अधिकारातल्या उत्तराचा हवाला देऊन अहवाल म्हणतो की, केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात. आढावा समिती बसते दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. बैठक अखंड आठ तास चालली, चहालाही कोणी उठलं नाही, तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत.

याउलट, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातले तीन आदेश नीट वाचले. सार्वजनिक सुरक्षिततेला कोणता धोका होता, ते सरकारला दाखवता आलं नाही. आदेश रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं गेलं. पण त्या प्रकरणातला आरोपी कोर्टात जाऊ शकला, कारण त्याच्यावर खटला झाला. ज्यांचा फोन ऐकला आणि काहीच सापडलं नाही, त्यांना कळणार कसं? जर्मनीत फौजदारी तपासात फोन ऐकला, तर नंतर त्या माणसाला कळवावं लागतं. अपवाद आहेत, पण नियम तोच.

आपल्याकडे २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, तेव्हा कळवण्याचं हे एक वाक्य त्यात घालता आलं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये फोन ऐकण्याचे नवे नियमही निघाले. सही गृहसचिवाचीच, समिती सचिवांचीच, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कळवण्याबद्दल अवाक्षर नाही.