कावीळ चालते, तपासणी का चालत नाही?

जुन्नर-आंबेगावात कुणाचे डोळे पिवळे झाले की आधी झाडपाल्याचे औषध, नाहीतर गळ्यात काविळीची माळ. पुढे रक्तात हेपॅटायटिस बी निघाला तरी घरचे निवांत असतात, "कावीळच ना, उतरेल." पण डॉक्टर म्हणाले, एचआयव्हीही तपासू या, की चेहरे बदलतात. "साहेब, आम्ही इज्जतदार माणसे. आमच्यात तसले काही नाही." मोहल्ल्यात हेच ऐकू येते आणि शेजारच्या हिंदू आळीतही. माझे स्पष्ट म्हणणे आहे की ही इज्जत जीव घेते.

दोन्ही विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. त्यामुळे एकाच माणसात दोन्ही असू शकतात. टेनोफोविर हे औषधही दोघांवर चालते. फरक मात्र मोठा आहे. हेपॅटायटिस बीला औषधाची गरज असेल, तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर एकटे पुरते. एचआयव्ही झपाट्याने रूप बदलतो, एकट्या औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एका गोळीत देतात.

आता तपासणी नाकारणाऱ्याचे काय होते ते पाहा. त्याला यकृतासाठी एकच औषध सुरू होते. अंगात एचआयव्ही लपलेला असेल, तर तो त्या औषधाला सरावतो आणि पुढचा उपचार अवघड करून ठेवतो. दोन्ही आजार असलेल्याने गोळ्या मध्येच सोडल्या, तर दबलेला हेपॅटायटिस उसळून यकृत निकामी होऊ शकते.

पैशाची सबब सांगू नका. एचआयव्हीची औषधे सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. हेपॅटायटिससाठीही २०१८ मध्ये मोफत तपासणी-उपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. बदनामीचे म्हणाल, तर २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्ही रुग्णाची माहिती फोडायला मनाई केली आहे.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि त्याच गोळीपर्यंत नेणाऱ्या तपासणीला लाजतो!

जुम्याच्या बयानात आणि हरिनाम सप्ताहातही एवढे सांगा : दोहोंपैकी एक आजार निघाला, तर दुसराही तपासा. नवरा-बायको दोघांनी तपासा. घरातल्या बाकीच्यांना हेपॅटायटिस बीची लस द्या. माळ घालायची तर घाला, पण आधी रक्त तपासा.