रेस वाढवून देतो!

पुण्यात कुठल्याही दुखण्यावर सल्ला फुकट मिळतो. जुन्या स्कूटरच्या दुखण्यावर तर तो मागावाही लागत नाही. सिग्नलला गाडी बंद पडली की शेजारचा हेल्मेटधारी काच वर करून सांगतो, "काका, स्लो वाढवून घ्या!" मेकॅनिक तेवढंही बोलत नाही. गाडी स्टँडवर लागायच्या आत त्याचा स्क्रू-ड्रायव्हर कार्ब्युरेटरकडे निघालेला असतो. दोन फेरे पिळले, इंजिन केकाटायला लागलं, की "झालं काका!"

माझा सगळा आक्षेप या "झालं"ला आहे. काहीही झालेलं नसतं!

मुळात स्लो म्हणजे काय, ते पाहा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कार्ब्युरेटरची मोठी वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिनाचा उदरनिर्वाह एका चिमुकल्या जेटवर चालू राहतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. म्हणजे पेन्शनीवर चाललेलं घरच म्हणा ना! रक्कम लहान, पण वेळेवर आली पाहिजे. गाडी महिनाभर पडून राहिली, आतलं पेट्रोल उडून त्याचा चिकट थर बसला, की हे भोक तुंबतं आणि पेन्शन थांबते. स्क्रू पिळल्यानं जेट साफ होत नाही. मोठं दार तेवढं किलकिलं राहतं. मोरी तुंबली म्हणून नळ मोठा सोडण्यातला हा प्रकार!

आणि या शहाणपणाची किंमत भरतो कोण? गाडीचा मालक. सिग्नलला उभ्या उभ्या पेट्रोल जळतं. पहिला गिअर टाकताच गाडी खाडकन उडी मारते आणि मागं बसलेली मंडळी "अहो!" म्हणून पाठीवर आदळतात. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणीही इंजिन स्लोवर ठेवूनच होते, म्हणजे रोग नेमका तिथंच उघडा पडतो.

वास्तविक गाडी स्वतःच्या तोंडानं तक्रार सांगत असते; ऐकायला फक्त दोन मिनिटं हवीत. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मुकाट्यानं मरत असेल, तर आधी स्लो जेट पाहा. रेस आपोआप चढत असेल आणि उतरायला वेळ लावत असेल, तर कुठंतरी गॅस्केटमधून चोरटी हवा शिरते आहे. धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक अडकलाय किंवा फ्लोटची सुई गळतेय. आधी प्लग, मग एअर फिल्टर, मग जेट, मग गॅस्केट, आणि स्क्रू सर्वांत शेवटी, तोही इंजिन गरम झाल्यावर. जेट हवेनं फुंकून साफ करावा. त्यात तार खुपसणाऱ्याला तर हात जोडावेत! भोक एकदा मोठं झालं की नवा जेट घेण्यावाचून गत्यंतर नाही. स्कूटर असो, पद्मिनी असो, की भाजीवाल्याची जुनी पेट्रोल पिकअप, क्रम हाच.

"काका, आता पेट्रोलच तसलं येतं," असा बचाव हल्ली ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल आलं. म्हणजे माझी स्कूटर आता थोडीफार उसावर चालते; साखर कारखान्याचं सभासदत्व तेवढं घ्यायचं राहिलंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही आणि टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवून पुढं जेटपर्यंत पोचवतं. पण म्हणूनच तर उघडून पाहायला हवं! घाण वाढली म्हणून झाडू टाकून द्यायचा असतो का?

पिळून भागलं नाही की दुसरं वाक्य तयार असतं : "भंगारात द्या, काका." एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि नव्या दुचाक्यांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. नव्या पोरांना कार्ब्युरेटर येत नसेल, तर तसं सांगण्यात कमीपणा नाही. "मला येत नाही" हे तीन शब्दांचं वाक्य आहे, बिनपैशाचं आहे. पण स्वतःला न येणाऱ्या कामाचं खापर गाडीच्या वयावर फोडणं हे मात्र मला मंजूर नाही. नाना पेठेत हिंडलं तर चार-दोन पांढऱ्या केसांचे उस्ताद अजून भेटतात. ते आधी डोळे मिटून इंजिन ऐकतात, मग पाना उचलतात. त्यांच्या हाताखाली एखादं पोरगं उभं राहिलं नाही, तर दहा वर्षांनी गाड्या असतील, सुटे भाग असतील, फक्त कान नसतील.

१९७२ साली बजाजनं या स्कूटरला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, ते उगीच नव्हे. घोडा अडला तर शहाणा माणूस चाबूक शोधत नाही. खाली वाकून आधी त्याचा खूर पाहतो.