कमी पळालेली जुनी मोटार घेताना



भाताची झोडणी आटोपली, चार पैसे हाती आले की घरात जुन्या मोटारीचा विषय निघतो. पनवेलकडून पळस्पे फाटा ओलांडून खोपोलीच्या बाजूला निघाले की कोन लागते. तेथून रसायनीकडे रस्ता फुटतो. या पट्ट्यात घरातील कोणी कारखान्यात कामाला, कोणी शेतावर, आणि म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यासाठी पनवेलला न्यायचे, अशी बहुतेक घरांची स्थिती. मोटारीची गरज खोटी नाही. नवी परवडत नाही, म्हणून जुनीचा शोध सुरू होतो. मुंबई, नवी मुंबई जवळ असल्याने तिकडच्या गाड्या दाखवणारे दलालही पुष्कळ भेटतात. त्यांचे एक वाक्य ठरलेले असते, “साहेबांची गाडी आहे, बारा वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर पळाली आहे, नव्यासारखी आहे.”

या वाक्यावर किती विश्वास ठेवावा, एवढ्यापुरताच आजचा लेख आहे.

बियाण्याची पिशवी घेताना आपण वजन पाहतो, तशीच तपासणीची तारीखही पाहतो. पिशवी फोडलेली नसली तरी बियाणे जुने झाले की उगवण घटते. मोटारीचेही तसेच आहे. ती किलोमीटरने झिजते, आणि नुसत्या वर्षांनीही म्हातारी होते. रबर कडक होते, तेल आंबते, पत्र्याला गंज धरतो, बॅटरी बसते. यातले काहीही किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही.

वरचाच हिशेब करून पाहा. बारा वर्षांत तीस हजार म्हणजे वर्षाला अडीच हजार, दिवसाला सुमारे सात किलोमीटर. म्हणजे ही गाडी एकतर महिनोन्‌महिने उभी होती, किंवा रोज बाजारापर्यंत जाऊन परत येत होती. एवढ्या थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. जळणातून निघालेली पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. ऑइल बिघडते, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी पुरती भरत नाही. म्हणून कमी पळालेली गाडी चांगली असू शकते, पण कमी पळाली एवढ्याच कारणाने ती चांगली ठरत नाही.

काटा खरा आहे का? काटा मागे फिरवणारे लोक आहेत, हे धरून चालावे. सर्व्हिसिंगची जुनी बिले मागावीत. प्रत्येक बिलावर तारीख व किलोमीटर लिहिलेले असतात, ते आकडे क्रमाने चढत गेले पाहिजेत. तीस हजारांच्या गाडीत ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग हाताने चकाकलेले आणि चालकाची गादी बसलेली दिसली, तर काटा खोटा समजावा. बिले नाहीत म्हणाले, तर काट्यावरील आकड्यासाठी एक पैसाही जादा देऊ नये.

आधी कागद, मग गाडी. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. मोटारीचा सातबारा म्हणजे आर. सी. त्यावरील चॅसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवर स्वतः ताडून पाहावा. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आर. सी. वर बँकेच्या कर्जाचा शेरा असतो. कर्ज फिटले असे तोंडी सांगून भागत नाही, तो शेरा उतरलेला असला पाहिजे. गाडीवर दंडाची चलने थकलेली आहेत का, विमा व पीयूसी चालू आहे का, हे घरातील शिकत्या मुलाने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरपाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्याला शुल्क पडते, पर्यावरण कर पडतो, आणि वीस वर्षांपुढील गाडीला शुल्क आणखी जास्त आहे. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर पनवेलच्या परिवहन कार्यालयात चालू दर विचारून तो खर्च किमतीतच धरावा.

गाडी पाहताना. सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना स्वतःसमोर सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. पहिल्या झटक्याला सुरू होते का, निळा धूर येतो का, ते पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात व दमट हवेत गंज हा पहिला शत्रू. वरचा रंग पाहून फसू नये. पायाखालची मॅट उचलावी, स्टेपनीची जागा, दारांची खालची कड आणि गाडीचा तळ पाहावा. पत्रा बोटाने दाबल्यावर कुरकुरला तर ती गाडी सोडून द्यावी. इंजिन दुरुस्त होते, कुजलेला तळ पुरता दुरुस्त होत नाही. सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा, दलालाचा नको. त्याचे चारपाचशे रुपये वाया जात नाहीत.

टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर तडकलेले असते. असे टायर द्रुतगती मार्गावर तापून फुटतात आणि घरची सगळी माणसे आत असतात. येथे काटकसर करू नये.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात. किंमत देताना सगळी पुंजी संपवू नये. निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. इंजिन ऑइल व फिल्टर, ब्रेक ऑइल, रेडिएटरमधील कूलंट हे सर्व बदलून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा ओढते, म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. रबरी होज पाइप दाबून पाहावेत. काही गाड्यांच्या इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग पट्टा असतो. तो किलोमीटर भरले नसले तरी ठराविक वर्षांनी बदलायचा असतो. चालत्या गाडीत तुटला तर कित्येक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो.

पुढची निगा. गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन घरघरवून उपयोग नाही. ऑइल वर्षातून एकदा बदलावेच, किलोमीटर कितीही होवोत. २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले इथेनॉल ओलावा ओढते, आणि जुन्या गाड्यांचे सगळेच रबर त्यासाठी बनवलेले नसते. म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये आणि नळीतून वास येतो का याकडे लक्ष ठेवावे.

पावसाळ्यात चाकांच्या वरचा चिखल पाण्याने काढून टाकावा, तो गंज वाढवतो. ताडपत्री घट्ट बांधू नये, आत ओल कोंडते. बरेच दिवस उभी ठेवायची तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, नाहीतर ब्रेक धरून बसतात. भाताच्या कणगीजवळ किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ गाडी लावू नये. उंदीर वायरी कुरतडतात, आणि तापलेल्या सायलेन्सरला पेंढा लागला तर आग लागू शकते.

नावावर करणे विसरू नये. गावाकडे पुष्कळ व्यवहार सहीच्या कोऱ्या फॉर्मवर होतात आणि गाडी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावर फिरते. हे दोघांच्याही अंगाशी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितले की, गाडी पुढे विकली असली तरी ज्याच्या नावाची नोंद आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे विकलेल्या गाडीपायी जमीन विकायची पाळी येऊ शकते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यावी आणि विमा चौदा दिवसांत बदलून घेण्याचा अर्ज द्यावा. तुम्ही पूर्वी विकलेली मोटारसायकल किंवा जीप अजून तुमच्या नावावर आहे का, तेही याच आठवड्यात पाहून घ्या.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या खाजगी मोटारीतून भाड्याने माणसे नेऊ नयेत. परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. दोन पैसे सुटतील या हिशेबावर गाडी घेऊ नये.

भगिनींना विशेष सांगणे. गाडीचा सौदा पुरुषमंडळी करतात, पण पैसा घराचा असतो. विसार देण्यापूर्वी तीन गोष्टी तुम्ही विचारा: गाडी कोणत्या सालची, टायर कोणत्या सालचे, आणि कर्जाचा शेरा उतरला का. तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली तर विसार द्यावा. न मिळाली तर पैसे पेटीतच राहू द्यावेत. जुन्या गाड्यांना बाजारात तोटा नाही, आज ही गेली तर उद्या दुसरी मिळेल.