दोस्ती कुणाची, नफा कुणाचा?

अमेरिका, चीन आणि रशिया यांच्या भांडणात आपल्या मोबाइलवरच्या गटांत दर आठवड्याला नवा ‘आपला माणूस’ ठरतो. कधी पुतिन, कधी शी जिनपिंग. अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानात जे केले ते आठवून, तिच्यासमोर जो उभा राहील तो आपला, असे हे गणित. राग समजू शकतो. गणित चुकीचे आहे.

त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. जुईनगरहून उरणच्या दिशेने निघाले की न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर लागतात, त्यांत चिनी मालही असतो. दोनशे वर्षांपूर्वी याच खाडीपलीकडच्या मुंबई बंदरातून माल उलट दिशेने, म्हणजे चीनकडे जात होता. त्या पेट्यांत अफू होती.

ब्रिटनला चीनचा चहा हवा होता. चीनला मात्र ब्रिटनचा माल फारसा नको होता. चहाचे पैसे चांदीत मोजावे लागत. त्यावर तोड म्हणून हिंदुस्थानातली अफू पुढे आली. चीनमध्ये तिच्यावर बंदी होती, म्हणून ईस्ट इंडिया कंपनी ती स्वतःच्या जहाजांतून नेत नसे. बंगाल-बिहारच्या अफूचा कलकत्त्यात लिलाव करायचा आणि पुढची चोरटी वाहतूक खासगी व्यापाऱ्यांवर सोडायची. माळव्याची अफू मुंबईमार्गे जाई. तिच्यावर कंपनी शुल्क घेई आणि हात झटकून मोकळी होई. या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय होते, मोतीचंद अमीचंद होते, आणि त्यांचे भागीदार, कोकणी मुसलमान जहाजमालक मोहम्मद अली रोगेही होते. पारशी, जैन, मुसलमान. नशा हराम असल्याचे ज्यांना माहीत होते त्यांचीही तिजारत थांबली नाही. हे नाव इथे मुद्दाम घेतले. इतिहासातला नफेखोर दरवेळी दुसऱ्याच जमातीचा असतो, हा समज आपल्यालाही सोयीचा वाटतो.

१८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनने युद्ध पुकारले. एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत सरकारच्या चीनविषयक धोरणाविरुद्ध ठराव आला. सरकार अवघ्या नऊ मतांनी वाचले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग गेले आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई बसली. त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूचे होते. म्हणजे आपल्या देशात आलेले विष बुडवले, त्याचीही किंमत चीनने चुकवली.

चीनचा पाश्चात्त्यांवरचा अविश्वास हवेतून आलेला नाही. पण आजची चिनी राजवट तीच जखम ढालीसारखी वापरते. शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांविषयी कुणी बोलले की ती परकीयांची ढवळाढवळ ठरते. जुलै २०१९ मध्ये २२ देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेला पत्र लिहून तिथल्या नजरकैदेवर आक्षेप घेतला. लगोलग ३७ देशांचे चीनची पाठराखण करणारे पत्र आले, आणि त्यांत सौदी अरेबिया आणि पाकिस्तान होते. उम्मतची भाषा बोलणाऱ्यांनी तेल, कर्ज आणि रस्ते यांचा हिशेब आधी मांडला. आक्षेप घेणाऱ्यांनीही चीनशी व्यापार थांबवला नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

२०२५ कडे पाहा. एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले, चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिले आणि दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. एका महिन्यात जिनिव्हात तडजोड होऊन आकडे ३० आणि १० वर आले. ऑगस्टमध्ये रशियाचे तेल घेतो म्हणून भारतावर २५ टक्के जादा शुल्क लादले गेले. एकूण ५० टक्के. रशियाच्या कच्च्या तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या चीनवर मात्र हा दंड नव्हता. तत्त्व एकच होते, पण खनिजे ज्याच्या हातात त्याला सूट मिळाली.

आपल्या बाजूचेही बोलू. रशियन तेल सवलतीत मिळत होते, तेव्हा नवी मुंबईत पेट्रोल शंभरीच्या खाली आले नाही. आणि शुल्काची झळ आधी कुणाला लागली? सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्यांना आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांना. यांत मुसलमान आहेत, कोळी आहेत, बंगाली कारागीर आहेत. त्यांना कुठल्याही महासत्तेने आपले म्हटलेले नाही.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २० हजार कोटींच्या कर्जहमीला मंजुरी दिली. कर्ज ज्याच्या नावावर कारखाना आहे त्याला मिळते. ज्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे तोंडी सांगितले गेले, ज्याचे नाव हजेरीपटावरही नाही, त्याच्यासाठी काय ठेवले आहे, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवे. आपल्या वस्तीतल्या अशा कामगारांची नावे, काम आणि बुडालेले दिवस लिहून ठेवायला मशिदीची आवारे आणि मोहल्ला समित्या पुरेशा आहेत. यादी हातात घेऊनच त्यांच्याकडे जावे.