विश्लेषण : मायक्रोस्कोप महागडा, पण नमुना कोण तयार करणार?

पुण्यात, आगरकर रस्त्यावर असलेल्या आघारकर संशोधन संस्थेत (स्थापना १९४६) झेब्राफिश या छोट्या माशावर संशोधन चालते. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांचा हा मासा लाडका असण्याचे एक कारण साधे आहे : त्याचा गर्भ पारदर्शक असतो. प्रौढ माशाचे हृदय मात्र तसे नसते. उंदराचा मेंदू किंवा कर्करोगाची गाठ तर नाहीच. अशा जाड ऊतींच्या आतले चमकते रंग पाहायचे, तर यंत्रापाशी जाण्याआधी बरीच मेहनत करावी लागते. नेमके तेच काम दुय्यम समजले जाते.

जाड तुकडा कशासाठी?

पॅथॉलॉजीत साधारण चार-पाच मायक्रॉनचे काप घेतात. त्यात पेशी दिसतात, पण रक्तवाहिनी कुठून कुठे गेली हे कळत नाही. जाड तुकड्यात ते कळू शकते. मात्र खोलवर गेले की चित्र धूसर होते, कारण पाणी, चरबी आणि प्रथिने प्रकाश वेगवेगळा वाकवतात. भज्यांच्या कागदावर तेल पसरले की तो भाग आरपार दिसू लागतो, तीच युक्ती इथे. जर्मन शास्त्रज्ञ श्पाल्टेहोल्ट्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरलेल्या द्रवांत मिथाइल सॅलिसिलेट होते. दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या बामचा उग्र वास त्याचाच. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘क्लॅरिटी’ पद्धतीने ऊती जेलमध्ये धरून त्यातली चरबीच काढून टाकली आणि उंदराचा अख्खा मेंदू पारदर्शक केला.

घाई कुठे नडते?

फॉर्मल्डिहाइडमध्ये नमुना कमी वेळ ठेवला तर आतला भाग खराब होतो. जास्त ठेवला तर ऊती स्वतःच चमकू लागते आणि अँटिबॉडीला चिकटणे अवघड जाते. पातळ कापात अँटिबॉडी काही तासांत पोहोचते, जाड तुकड्यात दिवस लागतात. तेवढे थांबले नाही, की कडा झगझगीत आणि मधला भाग काळा. तो काळोख ‘इथे प्रथिन नाही’ असा वाचला गेला, तर निष्कर्षच चुकतो. आणि ऑपरेशनमध्ये मिळालेला रुग्णाचा तुकडा पुन्हा मिळत नाही.

म्हणूनच यंत्र मागणाऱ्या प्रस्तावातच नमुने तयार करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाचे पदही मागायला हवे. शोधनिबंधात दोन ओळींत उरकली जाणारी कृतीही किती तास, किती तापमान, किती धुणी अशी सविस्तर छापली पाहिजे.