बंद पडलेल्या धंद्याची वही

खारदांड्याच्या कोळीवाड्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. गेल्या महिन्यात त्याच्या अम्मीने आम्हाला घरी बोलावलं. एवढीशी खोली आणि त्यात अर्धी भिंत अडवून बसलेला आडवा फ्रीझर. त्यावर कपड्यांच्या घड्या रचलेल्या. "सर, बकरी ईदला तेवढा कामाला आला," अम्मी म्हणाल्या. मुलगा मान खाली घालून बसला होता.

मुलाने नोकरी सोडून मासळी घरपोच देण्याचा धंदा काढला होता. पहाटे मासळी घ्यायची, साफ करायची, तुकडे पाकिटात भरून खार-सांताक्रूझच्या इमारतींमध्ये स्कूटरवर पोचवायची. ऑक्टोबरात सुरू केलेला धंदा जूनमध्ये बंद पडला. मागे उरले ते फ्रीझर, स्कूटरचे हप्ते आणि गहाण पडलेल्या अम्मीच्या दोन बांगड्या. मामूंचं म्हणणं, नोकरी धर, आपल्या खानदानात धंदा कुणाला जमलेला नाही. "आता तुम्हीच समजवा," अम्मी म्हणाल्या.

समजवायचं काय? 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे आणि ते अक्षर आमचंच आहे. पण वाचकहो, खरं सांगतो, नुसत्या अपयशाने कुणी शहाणा होत नाही. पुरावा म्हणून आम्हीच आहोत. बीएड झाल्यावर, नोकरी लागण्याआधी आम्ही शिकवणीचा वर्ग काढला होता. भाड्याची खोली, बाकं, फळा, सगळं होतं. वर्षाच्या आत टाळं लागलं. कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "लोकांना तालीमची किंमत नाही." मुलं का काढून घेतली, हे एकाही पालकाला आम्ही विचारलं नाही. अनामत रक्कम गेली आणि शिकलो काहीच नाही.

त्या मुलाला आम्ही आमच्याच पेशातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्म. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की त्यांच्या डोळ्यांना रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण रंग सुटले तरी रेघ हातात होती. ते यंत्रांची रेखाकला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या साथीने आधी सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुस्तकात ही दोन वर्षं एका वाक्यात संपतात, घरात मात्र ती सातशेहून जास्त दिवस असतात. रोज कुणीतरी विचारतं, "आज काही झालं का?"

तेवढ्यात नव्या वस्तीसाठी बेळगावातली जागा रिकामी करायची वेळ आली. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना औंधच्या देवीच्या सभामंडपाचं काम दिलं, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंग आणि सापांनी भरलेला ३२ एकर माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

आपल्याकडे ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतात, ते हेच. ही गोष्ट सांगताना लोक जिद्दीवर भर देतात आणि बिनव्याजी दहा हजारांवरून घाईने पुढे जातात. आम्हाला ते पटत नाही. लक्ष्मणरावांच्या मागे भाऊ होता, पुढे राजा उभा राहिला. आपल्या गल्लीतल्या मुलामागे कोण आहे? अम्मीच्या बांगड्या. आपल्या वस्त्यांमधल्या किती धंद्यांचं भांडवल हेच असतं, आणि हिशेबात ते कुणी लिहीतही नाही, कारण ते 'घरचंच' असतं.

मुलाकडे हिशेबाची वही मागितली. वहीच नव्हती, सगळं मोबाइलमधल्या निरोपांत विखुरलेलं. दोन संध्याकाळी बसून आम्ही ते कागदावर उतरवलं. दुसऱ्या संध्याकाळी तो एकदम गप्प झाला. तो सुरमई आख्खी, किलोच्या भावाने घेत होता. डोकं, शेपूट, आतलं सगळं काढलं की किलोचं किलो उरत नाही. त्याने मात्र साफ केलेल्या पाकिटाचा दर आख्ख्या मासळीच्या भावावरच थोडा नफा चढवून लावला होता. म्हणजे जितकी गिऱ्हाइकं जास्त, तितका तोटा जास्त! आणि धंदा वाढतोय म्हणून तो मिठाई वाटत होता.

शेजारच्या कोळीण मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. त्या वजन करतच नाहीत, वाटे लावतात. सकाळचा वाटा, उन्हं चढल्यावरचा वाटा, दोन्हींचा भाव वेगळा. उधारी कुणाला द्यायची तेही त्यांच्या डोक्यात पक्कं. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे तर दांड्यातलं लहान पोरही जाणतं. ते दोन महिने फ्रीझरच्या विजेचं बिल आणि हप्ते कुठून भरायचे, हा विचार मुलाने केलाच नव्हता.

"मावशी भिंतीपलीकडे राहतात. आधी का नाही विचारलंस?"

"सर, लोक हसले असते."

आमच्याकडे याला उत्तर नव्हतं. आमचा वर्ग बंद झाला तेव्हा आम्हीही त्याच भीतीने गप्प बसलो होतो. आपल्या घरांत बुडालेला धंदा एखाद्या आजारासारखा लपवला जातो. रिश्त्याची बोलणी सुरू झाली की तर विचारायलाच नको. 'मुलगा सध्या नोकरी बघतोय' एवढंच सांगितलं जातं. लपवलं की कुणाला विचारता येत नाही, आणि विचारलं नाही की पुढचा धंदा त्याच दगडावर ठेचकाळतो. मामूंचाही कधीकाळी टेलरिंगचा धंदा होता म्हणे. तो का बुडाला, हे त्या घरात आजवर कुणालाच माहीत नाही. आम्ही विचारलं तर मामूंनी चहा संपवला आणि उठले.

मुलाने सध्या एका दुकानात नोकरी धरली आहे. मामूंचं ऐकून नाही, हप्ते आहेत म्हणून. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो मावशींच्या पाटीपाशी जाऊन बसतो, बर्फ फोडून देतो आणि गिऱ्हाईक कसं घासाघीस करतं ते बघतो. नवी वही घेतली आहे. पहिल्या पानावर 'अम्मी' असं लिहून खाली बांगड्यांची रक्कम मांडली आहे. ती फिटल्याशिवाय दुसरं पान उघडायचं नाही, ही अट अम्मींची.

फ्रीझर विकायला काढलाय. परवा मावशींनी भाव विचारला. त्याने सांगितला तो ऐकून त्या पुन्हा हसल्या म्हणे.